आठ इंचांची जबाबदारी

एक ब्लँकेट हातानं विणायला लागणारे तास आणि ते परदेशी पाठवायला लागणारं टपाल यांचा हिशेब मांडला, तर मदतीसाठी विणलेले लोकरीचे चौकोन ही उधळपट्टी ठरते. जोहान्सबर्गच्या बाजारात कारखान्यातलं जाड ब्लँकेट सहज मिळतं. ऑस्ट्रेलियातून, इंग्लंडमधून किंवा भारतातून चौकोन विणून, बांधून पाठवण्यापेक्षा तेवढे पैसे तिथल्या संस्थेला दिले, तर त्यात कदाचित दोन मुलांची सोय होईल. हा आक्षेप मला खरा वाटतो, आणि तो टाळून पुढं जाता येणार नाही.

तरीही जगभरातल्या बायका, आणि काही पुरुषही, हे चौकोन विणत आल्या आहेत. दक्षिण आफ्रिकेत एड्समुळं अनाथ झालेल्या आणि निराधार मुलांसाठी २००८ मध्ये जोहान्सबर्गला ‘निट-अ-स्क्वेअर’ हा उपक्रम सुरू झाला. मागणी साधी होती: आठ इंच लांब, आठ इंच रुंद असा एक चौकोन विणा आणि पाठवा. असे पस्तीस चौकोन जोडले की एका मुलाचं ब्लँकेट होतं. जोडण्याचं काम दक्षिण आफ्रिकेत होतं. पाठवणाऱ्यांना ते मूल कधी दिसत नाही. आपला चौकोन कुठल्या ब्लँकेटात गेला, कोणाच्या चौकोनाशेजारी बसला, हेही कळत नाही.

पैशाच्या हिशेबात न बसणारं हे काम करावं का? माझं उत्तर ‘करावं’ असं आहे. मात्र त्याला एक अट आहे. ब्लँकेट मुलाला ऊब देतं, पण एड्सविषयीची जागृती घडायची असते ती सुया हातात धरणाऱ्याच्या मनात. ती घडली नाही, तर आक्षेप घेणाऱ्याचा हिशेब बरोबर आहे आणि आपण खरोखरच पैसे पाठवावेत.

आधी थंडीविषयी. आफ्रिका म्हणजे ऊन, अशी आपली समजूत असते. जोहान्सबर्ग समुद्रसपाटीपासून सतराशे मीटरहून उंच पठारावर आहे. जून-जुलै हा तिथला हिवाळा, आणि त्या दिवसांत रात्रीचं तापमान शून्याजवळ येतं. शहराभोवतीच्या वस्त्यांमध्ये हजारो कुटुंबं पत्र्याच्या खोपटांत राहतात. पत्रा दिवसाची ऊब रात्री धरून ठेवत नाही. रॉकेलच्या शेगडीनं ऊब घ्यायची, तर खोपटाला आग लागण्याची धास्ती. अशा घरात अंगावर घ्यायला स्वतःचं काही असणं ही मुलासाठी मोठी गोष्ट असते.

पण थंडी तर गरिबाच्या प्रत्येक मुलाला वाजते. मग या कामाचा एड्सशी वेगळा संबंध काय? तो संबंध अंथरुणा-पांघरुणातूनच येतो. एड्सला कारणीभूत असणारा एचआयव्ही हा विषाणू असुरक्षित लैंगिक संबंधांतून, दूषित रक्तातून, दूषित सुईतून आणि आईकडून बाळाकडं जातो. स्पर्शातून तो जात नाही, ताटातून नाही, पांघरुणातून तर नाहीच. तरीही या आजारानं पहिल्यांदा जे हिरावलं ते ताट आणि अंथरूण. घरातल्या माणसाची भांडी वेगळी झाली, त्याची वळकटी ओसरीवर गेली. हे दक्षिण आफ्रिकेत घडलं, अमेरिकेत घडलं आणि महाराष्ट्राच्या घराघरांतही घडलं. विषाणूनं माणसं मेली ती काही वर्षांनी, त्याआधी घरच्यांच्या भीतीनं त्यांना वाळीत टाकलं. म्हणून एचआयव्हीसह जगणाऱ्या घरातल्या मुलासाठी कोणीतरी मुद्दाम पांघरूण विणणं, आपल्या बोटांतून टाका टाका गेलेली वस्तू त्याच्या अंगावर पोचवणं, हे त्या भीतीला दिलेलं अगदी नेमकं उत्तर आहे.

दक्षिण आफ्रिकेतला न्कोसी जॉन्सन हा मुलगा या विषाणूसहच जन्माला आला होता, आणि ही भीती त्यालाही भोगावी लागली. १९९७ मध्ये त्याला जोहान्सबर्गच्या शाळेत घालायची वेळ आली, तेव्हा काही पालकांनी विरोध केला आणि प्रश्न देशभर गाजला. जुलै २००० मध्ये डर्बनच्या जागतिक एड्स परिषदेत, अकरा वर्षांचा असताना, तो व्यासपीठावर उभा राहिला. मिठी मारल्यानं, हात धरल्यानं एड्स होत नाही, हे त्यानं जगभरच्या तज्ज्ञांपुढं सांगितलं. आणि त्याच भाषणात त्यानं सरकारकडं मागणी केली की एचआयव्ही असलेल्या गरोदर बायकांना औषध द्या, म्हणजे बाळांना लागण होणार नाही. १ जून २००१ रोजी, बाराव्या वर्षी, तो गेला. त्या मुलाला माया आणि औषध या दोन गोष्टी एकाच श्वासात मागता आल्या. आपण मोठी माणसं त्यांची फारकत करतो. दयाळू माणसं मायेच्या बाजूला जातात, चळवळीतली औषधाच्या बाजूला. विणकाम करणाऱ्या बायकांची गणना तर कोणी न विचारताच पहिल्या गटात होते.

ती गणना चुकीची आहे, असं इतिहासच सांगतो. सॅन फ्रान्सिस्कोत नोव्हेंबर १९८५ मध्ये क्लीव्ह जोन्स या कार्यकर्त्यानं मोर्चात आलेल्या लोकांना एड्सनं गेलेल्या आपल्या माणसांची नावं पुठ्ठ्यांवर लिहायला सांगितली. ती नावं सरकारी इमारतीच्या भिंतीवर चिकटवल्यावर सारी भिंत तुकडे जोडलेल्या गोधडीसारखी दिसू लागली, आणि त्यातून एड्स स्मृतिगोधडीची कल्पना निघाली. एकेका माणसासाठी सहा फूट बाय तीन फुटांचा एकेक पट्टा ठरला. हे माप थडग्याचं होतं. अनेक ठिकाणी अंत्यसंस्कार करणारे या मृतदेहांना हात लावायला तयार नसत, तेव्हा या पट्ट्यांनी थडग्याची जागा घेतली. ११ ऑक्टोबर १९८७ रोजी वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर १,९२० पट्टे पसरले गेले. अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी एड्सवर पहिलं मोठं भाषण केलं ते त्याच वर्षीच्या मे महिन्यात; तोवर अमेरिकेत हजारो माणसं मेली होती. आज त्या गोधडीत सुमारे पन्नास हजार पट्टे आहेत आणि एक लाखाहून अधिक नावं आहेत.

ती गोधडी शिवणाऱ्या आया, बहिणी, जोडीदार, मित्र हे सारे शोकात होते आणि त्याच वेळी आरोपही करत होते. आकडे कागदावर छापलेले असतात तेव्हा मंत्र्याला पान उलटता येतं. पण संसदेच्या दारात अंथरलेल्या दोन हजार थडग्यांवरून नजर काढून घेणं तितकं सोपं नसतं. सुई-दोरा हे हत्यार होऊ शकतं, याचा याहून मोठा पुरावा मला तरी ठाऊक नाही.

आता दक्षिण आफ्रिकेकडं परत यावं, आणि चौकोन विणणाऱ्या प्रत्येकानं स्वतःला विचारायला हवा तो प्रश्न विचारावा. ही मुलं अनाथ का झाली? संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २००९ च्या सुमारास त्या एका देशात एड्समुळं आई किंवा वडील किंवा दोघंही गमावलेली सुमारे १९ लाख मुलं होती. ‘आजारामुळं’ हे उत्तर अर्धं आहे. १९९६ च्या सुमारास तीन औषधं एकत्र देण्याची उपचारपद्धती सिद्ध झाली होती. त्यानंतर एड्सनं झालेला मृत्यू हा मुख्यतः औषध न मिळाल्यानं झालेला मृत्यू होता.

औषध का मिळालं नाही, याची दोन मोठी कारणं आहेत. पहिलं म्हणजे किंमत. एका माणसाच्या वर्षभराच्या औषधांना दहा हजार डॉलरहून अधिक पडत. स्वस्त औषधं आयात करता यावीत म्हणून दक्षिण आफ्रिकेनं १९९७ मध्ये कायदा केला, तर ३९ औषध कंपन्या त्याविरुद्ध न्यायालयात गेल्या. इथं गोष्टीत मुंबई येते. फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्ला या मुंबईच्या कंपनीचे युसूफ हमीद यांनी तीच तीन औषधं वर्षाला ३५० डॉलरमध्ये ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ला देऊ केली. औषध बनवायला मुळात किती खर्च येतो, हे जगाला कळलं. दोनच महिन्यांत, जगभरातून झालेल्या निषेधापुढं, त्या कंपन्यांनी खटला मागं घेतला.

दुसरं कारण सरकारचं होतं. अध्यक्ष थाबो म्बेकी यांनी एचआयव्हीमुळं एड्स होतो याविषयीच शंका घेतली, आणि त्यांच्या आरोग्यमंत्री औषधांऐवजी लसूण, लिंबू, बीट यांची भलावण करत राहिल्या. नेव्हिरॅपिन हे औषध आईला आणि बाळाला एकेकदा दिलं तरी बाळाला होणारी लागण जवळपास निम्म्यानं कमी होत असे. बनवणारी कंपनी ते पाच वर्षं फुकट द्यायला तयार होती. तरी सरकारनं ते मोजक्या केंद्रांपुरतं अडवून ठेवलं. १० डिसेंबर १९९८ रोजी झॅकी अखमत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेली ‘ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन’ ही चळवळ न्यायालयात गेली, आणि जुलै २००२ मध्ये घटना न्यायालयानं ते औषध सगळीकडं उपलब्ध करण्याचा आदेश दिला. म्बेकींच्या धोरणामुळं तीन लाख तीस हजारांहून अधिक माणसं अकाली गेली, असा अंदाज हार्वर्डच्या संशोधकांनी २००८ मध्ये मांडला.

हे सारं एका लोकरीच्या चौकोनाशी जोडणं कोणाला ओढूनताणून वाटेल. मला ते अपरिहार्य वाटतं. २००० साली जगातल्या सगळ्या विणणाऱ्यांनी मिळून कितीही ब्लँकेटं पाठवली असती, तरी त्या ब्लँकेटांखाली झोपणाऱ्या बाळांच्या आया जगल्या नसत्या. त्या जगल्या असत्या गोळ्यांनी, आणि गोळ्या मिळाल्या त्या मोर्च्यांनी, खटल्यांनी, मुंबईत ठरलेल्या एका किमतीनं. आज दक्षिण आफ्रिकेत पन्नास लाखांहून अधिक लोक ही औषधं घेतात. नियमित औषधं घेणाऱ्याच्या रक्तातला विषाणू चाचणीत दिसेनासा झाला, की त्याच्याकडून लैंगिक संबंधांतूनही लागण होत नाही. हे ज्याला माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचं नाही, त्याचा चौकोन कितीही सुबक असला तरी तो ‘बिचाऱ्या’ मुलांसाठी टाकलेला तुकडा राहतो. दयेचा धोका हाच असतो. तिला दुःख दिसतं, पण त्यामागचा गुन्हा दिसत नाही.

मग पुन्हा तोच प्रश्न. लढाईच महत्त्वाची असेल, तर विणायचं कशाला? पुस्तक वाचावं, पत्र लिहावं, देणगी द्यावी. माझं म्हणणं आहे की हातानं सावकाश केलेलं काम माणसाला प्रश्नाशी जसं बांधतं, तसं देणगीचं बटण बांधत नाही. पैसे क्षणात जातात आणि प्रश्नही मनातून तितक्याच वेगानं जातो. चौकोनाला दोन-तीन संध्याकाळी लागतात. तेवढा वेळ ते मूल, तो देश, तो आजार हातात असतो.

शिवाय हे काम माणसाला शिस्त लावतं. आठ इंच म्हणजे आठच इंच. घट्ट हाताच्या बाईचे तीस टाके सात इंचांत मावतात, सैल हाताच्या बाईचे तेवढेच टाके नऊ इंचांवर जातात. म्हणून टाके मोजून भागत नाही, पट्टी घेऊन मापावं लागतं. एक सुलट, एक उलट अशा ओळी घातल्या तर कडा आत वळतात, आणि मग जोडणारीचा जीव मेटाकुटीला येतो. सगळ्या ओळी सुलट घातल्या तर कापड दोन्हीकडून सारखं आणि सपाट राहतं. कोपऱ्यापासून सुरुवात करणारी एका टाक्यापासून दर ओळीला एक टाका वाढवत नेते आणि बाजू आठ इंच भरली की तसेच टाके कमी करत येते. क्रोशावाली साखळी घालून खांबांच्या ओळी चढवते. शेवटी लोकरीचं हातभर लांब टोक तसंच सोडायचं असतं, कारण जोडणारी बाई त्याच धाग्यानं तो चौकोन शेजारच्याला शिवणार असते.

ही शिस्त मला मोलाची वाटते, कारण तिच्यात स्वतःच्या हौसेला मुरड आहे. आपली कला दाखवायला जाळीदार नक्षी घातली, तर मुलाची बोटं तिच्यात अडकतात आणि वारा आत येतो. इथं आपली आवड दुय्यम. जोडणारीची सोय आणि पांघरणाऱ्याची गरज आधी. दुसऱ्याच्या गरजेनुसार स्वतःला बेतणं हे कोणत्याही सामाजिक कामातलं सगळ्यात अवघड शिक्षण असतं, आणि ते इथं बोटांना मिळतं.

घेणाऱ्याच्या सन्मानाचा विचारही याच शिक्षणात येतो. ‘एड्स अनाथ’ हा शिक्का धोक्याचा आहे, असं दक्षिण आफ्रिकेतल्याच अभ्यासकांनी दाखवून दिलं आहे. यातल्या बहुतेक मुलांना एक पालक किंवा नातेवाईक असतात. आणि शेजारच्या घरातलं, दोन्ही पालक असलेलं मूलही तेवढंच गरीब असू शकतं. वर्गातल्या फक्त काही मुलांना ब्लँकेट दिलं तर सगळ्या वर्गाला कळतं की यांच्या घरात ‘तो’ आजार आहे. म्हणून ब्लँकेट वाटायचं तर साऱ्या बालवाडीला वाटावं. शेजारच्या लेसोथोत तर ब्लँकेट ही मानाची वस्तू आहे. एकोणिसाव्या शतकात राजा मोशोएशोए पहिला याच्या काळापासून बसोथो लोक ते जन्म, लग्न, राज्यारोहण अशा प्रसंगी अंगावर घेतात. ज्या भूमीत ब्लँकेटाला असा मान आहे, तिथं पाठवायचं ते उरल्यासुरल्या, विटक्या लोकरीचं असू नये.

आणि या मुलांना वाढवणाऱ्यांचा मान? दक्षिण आफ्रिकेत आजीला गोगो म्हणतात. स्वतःची मुलं पुरून, म्हातारपणात नातवंडांचा दुसरा संसार उभा केला तो या गोगोंनी. पेन्शनच्या तुटपुंज्या पैशांत त्यांनी घरं चालवली, औषधाच्या वेळा पाळल्या, शाळेच्या दारापर्यंत मुलांचे हात धरले. आफ्रिकेतल्या अशा आज्यांना साथ देण्यासाठी स्टीफन लुईस फाउंडेशननं २००६ मध्ये कॅनडातल्या आज्यांना हाक दिली, आणि त्या बायकांनी निधी जमवण्याबरोबरच औषधांच्या प्रश्नावर आपल्या खासदारांनाही धारेवर धरलं. माया आणि मागणी एकत्र नांदू शकतात, हे त्यांनी करून दाखवलं.

२०२५ मध्ये हा प्रश्न पुन्हा धारदार झाला. जानेवारीत अमेरिकी सरकारनं परदेशी मदत गोठवली, आणि २००३ पासून चालू असलेल्या त्यांच्या एड्स कार्यक्रमाला जबर धक्का बसला. दक्षिण आफ्रिका आपली औषधं मुख्यतः स्वतःच्या पैशानं घेते. पण एचआयव्हीवरच्या खर्चातला सुमारे १७ टक्के वाटा या मदतीतून येत होता, आणि त्यावर चाचणी करणारे, घरोघर जाणारे, उपचार सोडलेल्यांना परत आणणारे हजारो कर्मचारी पोसले जात होते. अशा वेळी कोणी म्हणेल की चला, आपण अधिक ब्लँकेटं विणू. विणावीत. पण बंद पडलेल्या दवाखान्याची जागा ब्लँकेटानं भरून निघते असं जगाला वाटू लागलं, तर आपल्या कामाचा उपयोग त्या अन्यायावर पांघरूण घालायलाच होईल.

आपल्याकडं विणणाऱ्या हातांची वाण नाही. जानेवारी २०१६ मध्ये चेन्नईत ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ या गटाच्या बायकांनी अकरा हजार चौरस मीटरहून मोठं क्रोशाचं ब्लँकेट जोडून जागतिक विक्रम केला. एवढी ताकद बायकांच्या हातात आहे. महाराष्ट्रात भिशी, महिला मंडळं, विणकामाचे वर्ग गावोगाव आहेत. पुण्यात १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली, पंढरपूरला ‘पालवी’सारखी संस्था एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांना वाढवते आहे, आणि २०१७ चा कायदा शाळेत, नोकरीत, दवाखान्यात होणाऱ्या भेदभावाला मनाई करतो. तरी या आजाराचं नाव घेताच आपल्या बैठकीतला आवाज खाली जातो.

तो आवाज वर आणायला विणकामाची बैठक ही मला सगळ्यात चांगली जागा वाटते. हात गुंतलेले असतात, नजर सुयांवर असते, कोणाला कोणाकडं रोखून बघावं लागत नाही. जे भाषणाच्या सभागृहात विचारता येत नाही, ते इथं विचारता येतं. एचआयव्ही असलेल्या सुनेला वेगळं ताट का? नवऱ्यानं तपासणी करून घ्यावी हे कसं सांगायचं? डासानं होतो का? पण त्यासाठी बैठकीला नीट आखणी हवी. जिला खरी माहिती आहे अशी परिचारिका किंवा समुपदेशक एकदा तरी बोलवावी. एचआयव्हीसह जगणाऱ्या बाईला पाहुणी म्हणून न बोलावता विणणाऱ्यांमधली एक म्हणून सामील करून घ्यावं, आणि चहाचे कप वेगळे ठेवू नयेत. जवळच्या सरकारी केंद्रात औषधांचा साठा वेळेवर येतो का, याची चौकशी करावी आणि येत नसेल तर सगळ्यांच्या सह्यांनी अर्ज करावा. चौकोन आधी आपल्या जिल्ह्यातल्या मुलांसाठी जोडावेत. दूरच्या मुलाची कणव येणं सोपं असतं, कारण त्याच्या शेजारी आपल्याला बसावं लागत नाही.

असं झालं तर टपालखर्चाचा हिशेब मांडणाऱ्याला आपल्याकडं खरं उत्तर असेल. ब्लँकेट बाजारात मिळतं, हे त्याचं म्हणणं आपण मान्य करू. बाजारात न मिळणारी गोष्ट म्हणजे या आजाराला न घाबरणारी, त्याचं कारण जाणणारी आणि औषधाचा हक्क मागणारी पस्तीस माणसं. एका ब्लँकेटाला तेवढे चौकोन लागतात. प्रत्येक चौकोनामागं असं एक माणूस उभं राहिलं, तर विणण्यात गेलेला प्रत्येक तास सार्थकी लागला असं मी म्हणेन.